तुस्कानोचं रक्त

बाय, तू मेलीस तीसुद्धा भांडत भांडत. ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये, अपंगांसाठी राखलेल्या जागेत कुणा धडधाकट बाप्याने आपली भली मोठी गाडी घातली म्हणून. मी कार्ट परत ठेवायला गेले होते. वळून बघते तर तू त्याच्या बॉनेटवर मूठ आपटतेयस, पुन्हा आपटतेयस, आणि मग वर गेलेली मूठ तशीच राहिली. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली नस फुटली, ती कधीही फुटली असती, झोपेतसुद्धा. मी म्हटलं, झोपेत नसती फुटली, तुम्ही माझ्या बहिणीला ओळखत नाही. तो बाप्या अँब्युलन्स येईपर्यंत तुझं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, सारखा सॉरी सॉरी करत. मी त्याला तशातही दोन शिव्या हासडल्या. तुझ्या द्यायच्या राहिल्या होत्या ना.

फ्यूनरल झालं. फादर म्हणाले, आपली फिलोमिना म्हणजे शांत स्वभावाची, सेवाभावी नर्स. मागच्या बाकावर कुणाला तरी जोरात ठसका लागला. मलाही हसू आलं, मग रडू आलं, आणि घरी येऊन मी तुझी ती लाल चहादाणी सिंकमध्ये आपटून फोडली. बरं वाटलं. तुला आपटाआपटी का आवडायची ते कळलं.

पण मी लिहायला बसलेय ते वेगळ्याच रागाने. माझा ग्लेन खाली बेसमेंटमध्ये आहे. फ्यूनरलला म्हणून बर्नाबीहून आला, तो आठवडा झाला तरी परतीचं नाव काढत नाही. तोच ग्लेन, ज्याने गेल्या वर्षी आपल्या लग्नाच्या बायकोला, शेरीलला, स्वयंपाकघरातल्या कपाटावर आपटलं. शेरील घर सोडून गेली ती गेलीच, कोर्ट झालं, काउन्सेलिंग झालं, नोकरी बदलून हा देशाच्या दुसऱ्या टोकाला गेला. आणि काल जेवताना मला म्हणतो, "मॉम, आंटी फिलो अंडरस्टुड मी. शी सेड इट्स इन अवर ब्लड." असं म्हणून त्याने आणखी भात वाढून घेतला. बाय, तू गेलीस आणि तुझं वाक्य माझ्या टेबलावर बसून माझं जेवण जेवतंय. त्याच वाक्याच्या आडोशाला हा उद्या दुसरी शेरील शोधेल. ते वाक्य मला त्याच्याकडून काढून घ्यायचंय, आणि तू असतीस तर आधी तुझ्याशीच भांडले असते.

हे रक्ताचं खूळ तुझ्या डोक्यात शिरलं ते इथे कॅनडात आल्यावर. वसईत तुस्कानो आडनाव म्हणजे काय विशेष? आपल्या गावात दगड भिरकावला तर तुस्कानोला लागायचा, आणि भिरकावणाराही तुस्कानोच. मी लग्न करूनही तुस्कानोच राहिले. पण लंडनच्या हॉस्पिटलात, म्हणजे आपल्या ऑन्टॅरियोतल्या लंडनच्या, तुला इंटरव्ह्यूला बोलावलं ते नाव वाचून इटालियन समजून. दारात बघतात तर तू, तेल लावून घट्ट आंबाडा घातलेली. नंतर तो म्हातारा बेकरीवाला भेटला. कार्डावरचं नाव वाचून "तोस्काना! तोस्काना!" करत काउंटरमागून बाहेर आला आणि बिस्किटांचा पुडा तुझ्या हातात कोंबला. झालं! त्या दिवसापासून आपला मूळपुरुष इटलीतल्या तस्कनीचा. पोर्तुगीजांच्या फौजेत भाड्याने लढायला आलेला शिपाई, वसईच्या किल्ल्यात उतरला, कुणा आपल्या बाईला घरात घेतलं, आणि त्याचं तापट रक्त आपल्या अंगात. मी म्हणायचे, अगं येडे, बाप्तिस्मा देताना पाद्री नाहीतर गॉडफादर स्वतःचं आडनाव चिकटवायचे, गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तू म्हणायचीस, "मग पपांचा हात कुठून आला?"

पपांचा हात. पपा दारू पीत नव्हते, हे लोकांना सांगितलं की पटत नाही, सगळ्यांना मध्ये दारू हवीच असते. शुद्धीत मारायचे. आधी आईला, मग जो मध्ये पडेल त्याला. तू दहावीत असताना मुसळ घेऊन मध्ये पडलीस आणि त्यांच्या उजव्या हातावर घातलंस. हाड मोडल्याचा आवाज मला माजघरात ऐकू आला होता. पपा ओट्यावर बसून पोरासारखे रडले, आणि आई तुलाच मारायला धावली. त्यानंतर पपांनी घरात हात उचलला नाही. पण तुझ्या मनात भलतंच बसलं. तुला मारताना बरं वाटलं होतं, म्हणून तू स्वतःला त्यांच्याच पंगतीला बसवलंस.

रिटायर झाल्या झाल्या म्हणालीस, चल, तस्कनीत सिएनाला जाऊ. मी म्हटलं, सगळं जग फ्लॉरेन्स बघतं, आपण हे कुठलं आडगाव? तू म्हणालीस, तो बेकरीवाला सिएनाचा आहे आणि फ्लॉरेन्सचं नाव घेतलं की जमिनीवर थुंकतो, मला हे गाव आवडणार.

आवडलं की! एप्रिल होता. आपल्या मिसिसागात अजून रस्त्याकडेला काळ्या बर्फाचे ढीग, विंटर टायर काढायचे राहिलेले, आणि तिथे भिंतीभिंतीवर ऊन. सगळं गाव भाजक्या विटांचं. मधला तो मोठा चौक सुपासारखा उतरता, आणि त्यात धान्य पसरावं तशी माणसं पसरलेली. वर पाकोळ्या नुसत्या किंचाळत होत्या. आपणही बूट काढून आडवे झालो. आणि त्याच सकाळी, बाय, त्याच सकाळी बस स्टँडवर एकाने माझ्या पर्समध्ये हात घातला आणि तू त्याचा अंगठा धरून असा मागे वाकवलास की काड्कन आवाज आला. तो ओरडत पळाला. तू टिश्यूने हात पुसलेस आणि म्हणालीस, "डिसलोकेट झाला, बसवता येतो." मग त्याच हातात पिस्त्याचं जिलेटो धरून अर्धा दिवस चर्चं बघत फिरलीस.

चढावरच्या विटांच्या चर्चमध्ये संत कॅथरीनचं मस्तक आहे. नुसतं मस्तक, काचेमागे, पांढऱ्या शिरोवस्त्रात, दात दिसतात. ती मेली रोमला. गावाला आपली पोरगी परत हवी होती, धड आणता येईना, म्हणून डोकं कापून पिशवीतून आणलं म्हणतात. तू नर्सच्या नजरेने मान बघत होतीस, आणि पुढच्या क्षणी गुडघे टेकून हमसाहमशी रडायला लागलीस. बाहेर आल्यावर म्हणालीस, "रेजू, याला म्हणतात प्रेम." मी म्हटलं, "याला म्हणतात कसाईगिरी." "प्रेमात थोडी असतेच." "नसते, बाय. आईला विचार." तू तरातरा तीन गल्ल्या पुढे निघून गेलीस. हे भांडण आपलं अर्धवटच राहिलं, आणि आता मी दोन्ही बाजूंनी भांडू का?

नंतरच्या जुलैला तिथली घोड्यांची शर्यत बघायला गेलो. उन्हाने विटा इतक्या तापलेल्या की चपलांतून पाय भाजत. गावाचे सतरा भाग, प्रत्येकाचं वेगळं निशाण, वेगळं चर्च, वेगळा घोडा. तू पहिल्याच दिवशी ओळखलंस, "या तर आपल्या पाखाड्या!" खरंच, आपल्या पाखाड्यांसारख्याच, एकमेकींच्या विहिरीचं पाणी न पिणाऱ्या. घोड्याला चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद देतात आणि त्याने तिथेच लीद टाकली तर शुभ मानतात. तू म्हणालीस, आपल्या फादरांना सांगते. मोठ्या कॅथेड्रलची एरवी झाकून ठेवलेली फरशी तेव्हा उघडी होती. पायाखाली संगमरवरात चितारलेली बायबलातल्या हेरोद राजाने करवलेली कत्तल, शिपाई आयांच्या हातातून तान्ही पोरं ओढून भोसकतायत. टुरिस्ट बर्फासारख्या गार बाटल्या गालाला लावून बाजूबाजूने जात होते. तू एका शिपायावर बोट ठेवलंस, "हा बघ आपला पणजोबा." मी तुला कोपराने ढोसलं. तू हसलीस, पण डोळे हसत नव्हते.

आणि ती शर्यत! खोगीर नाही, काही नाही, बैलाच्या चामड्याचे वाळवलेले चाबूक, आणि ते घोड्याला कमी आणि शेजारच्याच्या तोंडावर जास्त. उताराच्या वळणावर एक स्वार भिंतीला लावलेल्या गाद्यांवर आदळला, दुसरा त्याच्यावरून गेला. एक घोडा स्वाराशिवाय तसाच धावत राहिला. दीड मिनिटात सगळं संपलं आणि मग माणसं सुरू झाली. वेगवेगळ्या निशाणांचे गळपट्टे घातलेले दोन पोरगे आपल्यापासून हातभरावर एकमेकांच्या तोंडावर गुद्दे घालत होते. नाकातून रक्त, दात लाल. तू टाचा उंचावून मराठीत ओरडत होतीस, "हाण! हाण त्याला!" मला ओकारी आली. मी म्हटलं, मला इथून ने, मला पपा दिसतायत. तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी वेडी झालेय. म्हणालीस, "पपांनी कधी बरोबरीच्याला मारलंय? इथे समोरचापण देतोय की परत." तेवढ्यात दोन म्हाताऱ्यांनी त्या पोरांना कॉलर धरून वेगळं केलं आणि ते आपापल्या पाखाडीत निघून गेले. बाय, पपांच्या हाताचं उत्तर तुझ्याच तोंडून निघालं होतं. तू ऐकलं नाहीस, आणि मीही नाही, मी ओकत होते.

नोव्हेंबर मात्र आपला सगळ्यात चांगला. धुकं इतकं की चौकातला मनोरा अर्ध्यावर संपायचा. टुरिस्ट गेलेले, गाव परत गावकऱ्यांचं झालेलं. नवं तेल आलं होतं, हिरवं, घशाला झोंबणारं. भाजलेल्या पावावर लसूण घासून त्यावर ते ओतायचं आणि उभ्याने खायचं. रविवारी सकाळी टेकड्यांकडून बंदुकांचे आवाज आले. आपल्या घरमालकिणीचा भाऊ रानडुक्कर घेऊन आला, जीपच्या मागे टाकलेलं, पोट फाडलेलं, वाफा निघत होत्या. तू सरळ हात घालून यकृत बघितलंस आणि "हेल्दी होता" म्हणालीस. भाऊ खूष. मालकिणीने त्याचं वाइनमधलं कालवण दिलं. आपण म्हटलं, चांगलंय, पण आपल्याकडचं डुकराचं आंबट-तिखट इंद्याल नव्हे, व्हिनेगर कुठाय? दुसऱ्या दिवशी तू तिच्या स्वयंपाकघरात घुसून मिरच्या वाटल्यास आणि ती बाई डोळे पुसत पुसत तीनदा वाढून घेत होती. मी इतकी कधी हसले नाही. तुझे उपकार आहेत माझ्यावर, बाय. नवरा गेल्यावर मी गोधडी पांघरून बसले असते, तू मला फरफटत जगात नेलंस.

त्याच संध्याकाळी तू सांगितलंस. विचारलं नव्हतं मी. खिडकीशी चेस्टनट सोलत म्हणालीस, "मला मागण्या कमी आल्या नव्हत्या, रेजू. पण मला पोर झालं असतं तर मी त्याला मारलं असतं. मला माहीत होतं." हॉस्पिटलात तान्ह्या पोरांच्या वॉर्डात काढलास तू जन्म, एकाला कधी ओरखडा नाही. मी ते बोलायला हवं होतं. मी चेस्टनट खात राहिले.

आणि मग ग्लेनने ते केलं. शेरील गाडी काढून आली ती तुझ्याकडे, माझ्याकडे नाही. तिला माहीत होतं कोण काय करेल. तू तिच्या जबड्याला बर्फ लावलास, फोटो काढलेस, रिपोर्ट करायला लावलास, आणि मग ग्लेनच्या कॉन्डोच्या लॉबीत सगळ्यांदेखत त्याच्या डाव्याउजव्या कानफटात ठेवून दिलीस. शाब्बास. तिथे थांबायचं होतंस. पण तू त्याला गाडीत घेतलंस, आणि गाडीत तूच रडलीस, आणि म्हणालीस, "तुझ्याच्याने तरी कसं आवरणार, आपलं रक्तच घाण." कानफटात तो विसरला. हे मात्र त्याने जपून ठेवलं.

फेब्रुवारीत आपण सिएनात होतो ते नुसतं भांडायला. चौक रिकामा, विटा ओल्या, सगळ्या गावात जळक्या लाकडांचा वास. बदामाची मऊ बिस्किटं खायचो आणि भांडायचो. घरमालकिणीला तू तुझं आडनाव पुन्हा एकदा कौतुकाने सांगितलंस, तेव्हा ती एवढी हसली. म्हणाली, इथे कुणाचं आडनाव तोस्कानो नसतं, इथे सगळेच तोस्कानो! ते नाव पडतं दूर मुलखात, लोकांनी ठेवलेलं. आणि आपल्याला ते पडलं कुठे, तर वसईत, पाद्र्याच्या कृपेने! मी विजयी मुद्रेने तुझ्याकडे बघितलं. चुकलंच ते. बाहेर गल्लीत तू मला छत्री हाणलीस. मी तुझा आंबाडा धरून ओढला. तू मला भिंतीवर ढकललंस, मी तुझ्या नडगीवर लाथ घातली. साठी उलटलेल्या दोन बाया, बाय! वरच्या खिडकीतून एका म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या. आपण दमून पायरीवर बसलो, धापा टाकत, हसत, आणि मग तू हसायची थांबलीस. "मग पपा का मारायचे?" तू विचारलंस. अगदी लहान आवाजात. रक्त नाही तर मग का?  मी तुझे केस नीट केले आणि आपण घरी गेलो. पुन्हा तो विषय तू काढला नाहीस, आणि पुन्हा सिएनाचाही नाही.

उत्तर मला आत्ता, तुझ्या जाण्याच्या रागात सापडलं. आज दुपारी ग्लेनचे धुतलेले कपडे घेऊन मी खाली गेले. तो सोफ्यावर फोन बघत होता. मी म्हटलं, "आंटी फिलोचं ते रक्ताचं वाक्य मला परत दे. ती चुकली होती."

"मॉम, नॉट नाऊ."

"आत्ताच. पपांनी बाजारातल्या व्यापाऱ्याला कधी मारलं नाही, तो भाव पाडायचा तरी. पोलिसाला नाही, फादरला नाही. फक्त आईला, आणि आम्हाला. रक्ताला माणसं ओळखता येत नाहीत रे. पपांना यायची. कुणाला मारलं तर चालतं ते त्यांना बरोबर माहीत होतं. तुझा बॉस तुला पिळतो म्हणतोस, त्याच्यावर कधी हात उठला तुझा?"

तो उठून उभा राहिला. "सो इट्स जस्ट मी? दॅट्स व्हॉट यू आर सेइंग?"

"हो. तूच."

त्याने भिंतीत मूठ घातली. माझ्या बाजूला, हातभर लांब. ड्रायवॉल फुटून मनगट आत गेलं, पांढरी धूळ उडाली. आणि बाय, माझे दोन्ही हात डोक्यावर गेले. आई न्यायची तसे, कोपरं पुढे, मान आत. मी नेले नाहीत, गेले. कपडे सगळे खाली पडले.

ग्लेनने हात बाहेर काढला, वळला आणि मला बघितलं. त्याचा चेहरा उतरला. हे त्याने आधी एकदा बघितलं होतं, दुसऱ्या कुणाच्या अंगावर, ते मला त्याच्या डोळ्यांत दिसलं.

"मॉम. पुट युअर हँड्स डाउन. प्लीज. आय वुडन्ट..."

आता मला हात खाली घेता आले असते. घेतले नाहीत. कोपरांच्या आतून विचारलं, "शेरीलला काय झालं होतं?"

"मॉम, इट जस्ट..."

"मराठीत."

त्याला मराठी सगळी कळते, बोलायचा मात्र कंटाळा. बोटांवरून रक्त गळत होतं, तो ते टी-शर्टला पुसत राहिला. "तिला... मार लागला," तो म्हणाला.

"कुणाचा?"

माझे खांदे भरून आले होते, पण मी हात वरच ठेवले.

"मी," तो म्हणाला. "मी मारलं. मी मारलं शेरीलला."

मग मी हात खाली घेतले.